तगणं म्हणजे फुलणं नव्हे

(परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



 पेरणी साधलेली असो की मोडलेली, संध्याकाळी हातपाय धुऊन माणसं इथं येऊन बसतात आणि ऐकतात, ही या गावाची श्रीमंती आहे. त्या श्रीमंतीपुढे उभं राहून बोलायचं म्हणजे जबाबदारी मोठी.

आजचा विषय समुद्रातला आहे. पोवळी, ज्यांना आपण प्रवाळ म्हणतो, आणि त्या पोवळ्यांच्या पोटात राहणारं शैवाल. आता कुणी विचारील की परभणीत हे कशाला? इथून समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांच्या आसपास. गंगाखेडवरून जाणारी आपली गोदावरीसुद्धा पश्चिमेच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वाहते. मग पोवळ्यांचं आणि आपलं नातं काय?

नातं दुहेरी आहे. पहिलं म्हणजे आपल्या शेतावर पडणारा पाऊस ज्या समुद्रावरून येतो, त्याच समुद्रात ही पोवळी आहेत. तो समुद्र तापला तर ताप दोघांनाही बाधतो. दुसरं नातं जास्त जवळचं आहे. कठीण परिस्थितीत तगून राहणं हा आपल्या जगण्याचाच विषय आहे. मराठवाड्याचा माणूस चिवट असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकून बरंही वाटतं. पण हा चिवटपणा येतो कुठून? त्याची किंमत कोण आणि किती मोजतं? आणि त्याला हद्द असते की नाही? हे तीन प्रश्न मला पोवळ्यांच्या निमित्तानं तुमच्यापुढे मांडायचे आहेत. याच क्रमानं मांडतो. शेवटी आपल्या वावरात परत येतो.

चिवटपणा येतो कुठून?

आधी एक गैरसमज दूर करू. या सभागृहात काही जणांच्या बोटात पोवळ्याची अंगठी असेल. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं. ते कमी उजेडाच्या, थंड पाण्यात वाढतं आणि त्याच्या पोटात शैवाल नसतं. आज मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ती पोवळी वेगळी. ती उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यात, उन्हाच्या आशेनं राहतात आणि समुद्रात खडक उभा करतात.

पोवळं हा प्राणी आहे, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. दिसायला दगड, वाढायला झाड, आणि असतो मात्र प्राणी. बहुतेक जातींत एकेक जीव काही मिलिमीटरांचा. एक तोंड, त्याभोवती दंश करणाऱ्या बारीक सोंडा, आणि खाली स्वतःच बांधलेलं चुनखडीचं बैठं घर. असे हजारो जीव एकमेकांना जोडून राहतात, तेव्हा एक वसाहत होते. वसाहतींवर वसाहती, पिढ्यांवर पिढ्या, आणि त्यातून प्रवाळभित्ती उभी राहते. समुद्राच्या तळाचा एक टक्कादेखील या भित्तींनी व्यापलेला नाही. तरीही समुद्रातल्या सुमारे पाव जातींचं आयुष्य कधी ना कधी या भित्तींच्या आधारानं जातं.

इथं एक कोडं होतं. उष्ण कटिबंधातलं निळंशार, नितळ पाणी आपल्याला सुंदर वाटतं. पण पाणी नितळ असतं कारण त्यात खाण्याजोगं फारसं काही नसतं. अशा उपाशी पाण्यात एवढी समृद्धी आली कुठून?

उत्तर पोवळ्याच्या पेशींत आहे. पोवळ्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. एक पेशी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी. पोवळ्याच्या एका चौरस सेंटीमीटर कातडीत अशा दहा लाख आणि त्याहूनही जास्त पेशी असू शकतात. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत एका मोठ्या शहराची वस्ती. पोवळ्याचा तपकिरी, सोनेरी रंग मुख्यतः या शैवालाचा. पोवळ्याची कातडी जवळजवळ पारदर्शक असते.

या पिवळसर पेशींना १८८१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी नाव दिलं. १९४४ मध्ये जपानच्या सिरो कावागुती यांनी त्या पोवळ्याबाहेर वाढवून दाखवल्या आणि त्या कोणत्या कुळातल्या आहेत ते सांगितलं. पुढे लेनर्ड मस्कटीन यांच्यासारख्या संशोधकांनी या दोघांत देवाणघेवाण काय चालते, हे शोधून काढलं. शैवाल उन्हात अन्न तयार करतं, आणि परिस्थिती चांगली असेल तर त्यातला ९० टक्क्यांपर्यंत वाटा पोवळ्याला देतं. पोवळं बदल्यात काय देतं? राहायला सुरक्षित, उजेडाची जागा. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. आणि आपल्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया, म्हणजे नत्र. एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं खत. उपाशी पाण्यात एक कणही वाया जात नाही. कोडं सुटलं ते इथं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही बटई आहे. जागा पोवळ्याची, कष्ट शैवालाचे, आणि पिकात दोघांचा वाटा. फक्त इथं कष्टकरी दहातले नऊ वाटे जागेच्या मालकाला देतो आणि तरीही सुखानं नांदतो, कारण खत, पाणी, राखण हे सगळं मालकाकडून येतं. कोट्यवधी वर्षं ही बटई चालत आली आहे. २०१८ मध्ये टॉड लाजनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शैवालाच्या कुळाची नव्यानं मांडणी केली. या नात्याची सुरुवात सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीची असावी, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, ज्याच्यापासून परभणीची काळी माती झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे आपल्या जमिनीहून हे नातं कितीतरी जुनं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. पोवळ्याचा चिवटपणा एकट्या पोवळ्याचा कधीच नसतो. तो भागीदारीत असतो. पोवळं वेगळं काढलं तर ते उपाशी आहे, आणि शैवाल वेगळं काढलं तर ते उघड्यावर आहे. दोघं मिळून ते उपाशी पाण्यात पर्वत उभे करतात.

मालवणच्या गढूळ पाण्यात

आता आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊ. प्रवाळ म्हटलं की आपल्याला लक्षद्वीप आठवतं, अंदमान आठवतं. मालवण आठवत नाही. आठवावं असं ते पाणीही नाही. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात डोंगराची माती घेऊन खाडीत उतरतात. चार महिने समुद्र लाल, गढूळ असतो. खारेपणा उतरतो, लाटा खडपांवर आदळतात, ऊन तळापर्यंत पोचत नाही. पोवळ्याला स्वच्छ, खारं, उबदार, उजेडाचं पाणी लागतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मालवणच्या पाण्यात वर्षातले कित्येक महिने यातलं बरंचसं नसतं.

आणि तरीही पोवळी तिथं आहेत. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. कासीम आणि डॉ. वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याची नोंद प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच परिसरातल्या खडकांवर ही पोवळी वाढतात. १९८७ मध्ये इथं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, खुल्या समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालेलं. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून वीस-बावीस मीटर खोलीवरसुद्धा तिथं पोवळ्यांना ऊन मिळतं. आणि मुंबईत? वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी सोसत पोवळी राहतात. किनारी रस्त्याचं काम आलं तेव्हा २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. देशातली सगळी कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या दृष्टीनं हाजी अलीच्या खडकावरचं पोवळं आणि जंगलातला वाघ यांचा मान सारखा आहे.

अशा पाण्यात ही भागीदारी टिकते कशी? तीन उपाय दिसतात.

पहिला उपाय शैवालाचा. उजेड कमी झाला की शैवाल आपल्यातलं हरितद्रव्य वाढवतं. आलेल्या थोड्या उजेडातला जास्तीत जास्त पकडण्याची ही धडपड.

दुसरा उपाय पोवळ्याचा. शैवालाकडून कमी आलं की काही पोवळी स्वतः जास्त खातात. सोंडा पसरून पाण्यातले सूक्ष्म जीव, गाळाबरोबर आलेले अन्नाचे कण पकडतात. काही जातींना गढूळ पाणी थोडंफार मानवतंही, कारण गाळात खाणं असतं आणि वैशाखातल्या उन्हाची धारही त्यानं बोथट होते. अर्थात गाळ अंगावर साचला तर जीव गुदमरतो. पोवळं तो झटकत राहतं, आणि प्रत्येक झटकण्याला शक्ती लागते.

तिसरा उपाय निवडीचा. सगळं शैवाल एका जातीचं नसतं. ड्युरुसडिनियम नावाच्या गटातलं काही शैवाल उष्णता जास्त सोसतं. क्लॅडोकोपियम गटातल्या पुष्कळ जाती चांगल्या दिवसांत भरभरून देतात. त्यातल्याच एका जातीनं इराणच्या आखातातलं उकळतं पाणीही आपलं केलं आहे. काही पोवळी आईकडूनच, अंड्यातून, शैवाल घेऊन जन्माला येतात. पोराइट्स हे मालवणला दिसणारं पोवळं त्यांतलं. बऱ्याच जातींची पिल्लं मात्र रिकाम्या पोटी जन्मतात आणि आसपासच्या पाण्यातून आपला साथीदार मिळवतात. म्हणजे त्या पाण्यात कोण राहतं, यावर त्यांचं आयुष्य ठरतं. मालवणच्या पोवळ्यांतल्या शैवालाचा जनुकीय अभ्यास गोव्याच्या संशोधकांनी केला आहे. एकाच पाण्यात, एकाच उन्हाळ्यात एक पोवळं पांढरं पडतं आणि शेजारचं उभं राहतं, याचा संबंध पोटात कोणतं शैवाल आहे याच्याशी लागतो.

हे सगळं ऐकून मन भरून येतं. एवढ्याशा जिवांनी एवढी जिद्द धरावी! पण मित्रहो, इथंच थांबलो तर आपण अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

किंमत कोण मोजतं?

ज्या शैवालाला ताप सोसतो, ते शैवाल देतं कमी. चिवट शैवाल पोटात असलेली पोवळी उन्हाळा काढतात, पण सर्वसाधारणपणे त्यांची वाढ मंदावते. वाढ मंदावली की लाटांनी मोडलेलं भरून यायला वेळ लागतो. अंडी घालायला लागणारी शिल्लकही कमी राहते. मालवणला लक्षद्वीपसारख्या भित्ती आणि सरोवरं का नाहीत? तिथं खडकांवर सुट्या सुट्या वसाहती का दिसतात? गाळ झटकण्यात, कमी उजेडात भागवण्यात, खारेपणाचे चढउतार सोसण्यात मिळकत खर्ची पडते. घर बांधायला उरतं थोडं.

म्हणून मी म्हणतो, तगणं म्हणजे फुलणं नव्हे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पोवळं जिवंत आहे ना? आहे. मग झालं तर! पण ते कशावर जिवंत आहे, काय सोडून देऊन जिवंत आहे, हे विचारलं पाहिजे.

आणि ही किंमत मुकाट्यानं मोजली जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. पाणी तापलं की पोवळं पांढरं पडतं, ते आपल्याला दिसतं. पण त्याच्या आधीच, रंग जसाच्या तसा असताना, हिशेब बिघडलेला असतो. तापात पोवळ्याची स्वतःची भूक वाढते. शरीरातली प्रथिनं जळू लागतात, नत्र जास्त बाहेर पडतं. ते नत्र शैवालाला मिळतं, आणि शैवाल स्वतःच्या वाढीसाठी अन्न राखून ठेवू लागतं. वाटा बंद होतो. पोवळ्याच्या पोटात शैवाल गच्च भरलेलं, आणि पोवळं उपाशी! फारकत मागाहून होते. उपासमार आधीच सुरू झालेली असते.

बटईची परंपरा असलेल्या आपल्या मुलखाला हे समजावून सांगायला नको. नातं मोडल्याची बातमी गावाला ज्या दिवशी कळते, त्या दिवशी ते मोडलेलं नसतं. ते फार आधी मोडायला लागलेलं असतं.

हद्द कुठे आहे?

आता तिसरा प्रश्न. चिवटपणाला हद्द असते का? असते, आणि ती मोजता येते.

एखाद्या ठिकाणी उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण महिन्यात पाण्याचं जे सरासरी तापमान असतं, त्याहून फक्त एक अंश सेल्सिअस जास्त. एवढंच. आपल्याकडे पारा चाळीसचा बेचाळीस झाला तर आपण रुमाल ओला करून डोक्यावर घेतो आणि कामाला लागतो. पोवळ्याला एक अंश जादा, आणि तो चार आठवडे टिकला, की पांढरं पडण्याचा धोका सुरू होतो. आठ आठवडे टिकला तर मोठ्या प्रमाणावर मरण्याचा. असं का होतं? ऊन तर शैवाल पकडतच राहतं, पण तापामुळे त्या ऊर्जेचा वापर करणारी यंत्रणा बिघडते. न वापरलेल्या ऊर्जेतून घातक ऑक्सिजनची रूपं तयार होतात आणि ती दोघांनाही जाळू लागतात. मग पोवळं आपल्या पोटातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो. पारदर्शक कातडीतून आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो.

पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं. हे नीट लक्षात घ्या. ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं, तर उरलेलं थोडं शैवाल पुन्हा वाढतं, नवं येतं, काही महिन्यांत रंग परत येऊ शकतो. म्हणजे प्रश्न दोन तापांमधल्या उसंतीचा आहे. आणि तीच उसंत आता कमी होत चालली आहे.

१९९८ मध्ये जगभर पोवळी पांढरी पडली. मग २०१०. मग २०१४ ते २०१७. आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या, जगव्यापी म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या चौथ्या लाटेत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला हा ताप लागला. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ असे धक्के बसत गेले. तिथं वर्षानुवर्षं बुड्या मारून मोजणी करणाऱ्या संशोधकांना १९९८ ते २०२२ या काळात जिवंत पोवळ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं आढळलं. मालवणलाही गेल्या दशकात पोवळी पांढरी पडल्याच्या नोंदी आहेत.

कुणी म्हणेल, चिवट पोवळी तरी वाचतील. जगातली सर्वांत चिवट पोवळी कुठली? इराणच्या आखातातली. तिथं उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत तापतं, खारेपणा तीव्र. दुसरीकडचं पोवळं तिथं जगणार नाही. शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं, उद्याच्या तापलेल्या समुद्राला पुरून उरतील ती हीच म्हणून. २०१७ च्या उन्हाळ्यात वारा पडला, पाणी आणखी तापलं, आणि अबुधाबीच्या किनाऱ्यावरची जवळपास दोनतृतीयांश पोवळी गेली. जगातली सर्वांत चिवट पोवळी! ती आधीच आपल्या हद्दीवर उभी होती. हद्दीवर उभ्या असलेल्याला एक पाऊलही मागे सरकायला जागा नसते.

म्हणून पुन्हा सांगतो. तगणं म्हणजे फुलणं नव्हे. आणि आज तगला म्हणून उद्याही तगेल, असं गृहीत धरणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

आपल्या वावरात

आता घरी येऊ. अशी भागीदारी पाहायला तुम्हाला मालवणला जायची गरज नाही. येत्या खरिपात पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं मुगाचं किंवा सोयाबीनचं एक झाड मुळासकट अलगद उपटा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर समजा, आतला रायझोबियम हा जिवाणू कामावर आहे. झाड आपल्या पानांत तयार झालेली साखर त्या जिवाणूला देतं आणि जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतो. समुद्रात जे पोवळ्याच्या पेशीत चालतं, तेच इथं आपल्या काळ्या मातीत, मुळाच्या गाठीत चालतं. आपल्या आज्या-पणज्यांना रायझोबियम ठाऊक नव्हतं, पण हरभऱ्याचा, मुगाचा बेवड चांगला, हे पक्कं ठाऊक होतं. कापसात तुरीची ओळ का धरायची, हेही ठाऊक होतं. १९७२ पासून आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे. दहा किलो बियाण्याला रायझोबियमचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट चोळून पेरा, ही शिफारस शेतकऱ्यांपर्यंत कधीची पोचलेली आहे.

आता या दोन भागीदाऱ्यांतलं साम्य पाहा. सोयाबीनला पाण्याचा ताण पडला की काय होतं? पानं कोमेजलेली आपल्याला दिसतात, पण त्याच्या आधीच गाठींमधलं नत्राचं काम मंदावलेलं असतं. तीच गोष्ट! बाहेरून हिरवं, आत वाटा थांबलेला.

दुसरं साम्य तर आणखी विचार करायला लावणारं आहे. कडधान्याला युरिया भरमसाठ दिला तर काय होतं? झाडाला नत्र फुकट मिळू लागतं, ते जिवाणूची गरज मानत नाही, आणि गाठी कमी धरतात. समुद्रातही असंच घडतं. २०१३ मध्ये एका संशोधनात दिसलं की पाण्यात नायट्रेट वाढलं आणि त्या मानानं फॉस्फरस कमी पडला, तर पोवळ्यातल्या शैवालाचा तोल जातो. मग जो ताप एरवी सोसला असता, त्यालाही पोवळं बळी पडतं. शेतातून वाहून जाणारं खत, शहरातून सुटणारं सांडपाणी, हे शेवटी कुठल्या ना कुठल्या समुद्राला मिळतंच. आपलं दुधनेचं, पूर्णेचं पाणी गोदावरीत जातं आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. कोकणातल्या नद्या मालवणला उतरतात. नद्या वेगळ्या, पण नियम एकच आहे. भागीदारी कमतरतेत टिकते, आणि बेहिशेबी भरमारीत ढासळते.

आणि पाऊस? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की पश्चिम हिंदी महासागरात उष्णतेच्या लाटा वाढत आहेत, आणि त्या आल्या की मध्य भारतावरचा पाऊस कमी होण्याकडे कल असतो. त्यांच्याच आणखी एका अभ्यासानुसार १९५० नंतर मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. लांबलेला खंड आणि एका रात्रीत वावर खरवडून नेणारा पाऊस, दोन्ही आपण भोगतो आहोत. जो समुद्र पोवळ्यातून शैवाल हुसकावतो, तोच समुद्र आपल्या नक्षत्रांचा हिशेबही बिघडवतो. मग आता सांगा, पोवळ्यांचं आणि परभणीचं नातं आहे की नाही?

मग करायचं काय?

थोडक्यात सांगतो, कारण उपाय गूढ नाहीत.

समुद्र तापतो आहे तो कोळसा, तेल, वायू जाळल्यामुळे. त्यामुळे साठलेली जादा उष्णता बहुतांशी समुद्रानंच गिळली आहे. हे जाळणं कमी केल्याशिवाय पोवळी वाचवण्याचे सगळे उपाय तात्पुरते आहेत. चिवट शैवाल प्रयोगशाळेत वाढवणं, पोवळ्यांच्या फांद्या रोवणं, वसाहती उचलून दुसरीकडे नेणं, ही कामं निष्ठेनं करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी वेळ मिळतो. ताप उतरत नाही.

त्या मिळालेल्या वेळात स्थानिक त्रास कमी करणं आपल्या हाती आहे. मालवणला पर्यटक जातात, परभणीतूनही जातात. सुट्टीत लेकरांना घेऊन जा, पाण्याखालचं जग त्यांना जरूर दाखवा. पण पोवळ्यावर पाय ठेवू नका, तुकडा मोडू नका, आणि नावाड्याला सांगा की नांगर पोवळ्यावर टाकू नको. तिथल्या मच्छीमारांना अभयारण्याच्या प्रत्येक निर्णयात बसायला जागा मिळाली पाहिजे, कारण त्या पाण्याचे सर्वांत जुने जाणकार तेच आहेत. आणि इथं, आपल्या शेतात, खत माती तपासून घाला. बेवड पाळा. बीजप्रक्रिया करा. मातीतली भागीदारी जगवणं हे पोवळं जगवण्याइतकंच मोलाचं काम आहे.

आणि शेवटचं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. चिवटपणाच्या कौतुकाकडे आपण सावधपणे पाहायला शिकलं पाहिजे. पोवळी चिवट आहेत, जुळवून घेतील, असं म्हटलं की ताप कमी करण्याची घाई राहत नाही. मराठवाड्याचा शेतकरी चिवट आहे, निभावून नेईल, असं म्हटलं की कालव्याची, विम्याची, कर्जाची, दवाखान्याची घाई राहत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की लोक तगले ते एकेकट्याच्या हिमतीवर नाही. रोजगार हमीची कामं निघाली, गावानं गाव धरून ठेवलं, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची चूल पाहिली. तगण्यामागे नेहमी कुणीतरी दुसरा असतो. पोवळ्यामागे शैवाल, मुगामागे रायझोबियम, माणसामागे माणूस.

चिवट असणाऱ्याचा सन्मान करायचा एकच खरा मार्ग आहे. त्याच्यावरचा ताप कमी करायचा, आणि त्याच्या साथीदाराला जपायचं. मालवणच्या खडकावर हे करायचं आहे, परभणीच्या वावरात हे करायचं आहे, आणि यासाठी ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना आपण पुन्हा पुन्हा विचारायचं आहे. आपण एवढी वर्षं तगलो. आता फुलण्याचा हक्क मागू या, आपल्यासाठीही आणि त्या मुक्या जिवांसाठीही.